पीएचपीतून पायथनला गेलात? मग 'इजसेट' शोधत बसू नका

धुळे, शिरपूर, सेंधवा करत आग्रा महामार्गानं इंदूर गाठणारी आपल्याकडची बरीच पोरं विजय नगरच्या सॉफ्टवेअर ऑफिसांत कामाला लागतात. कॉलेजात पीएचपी शिकलेली असते, हातात काम येतं पायथनचं नाहीतर जावास्क्रिप्टचं. मग पहिलाच प्रश्न पडतो : व्हेरिएबल आहे की नाही हे तपासणारं 'इजसेट' इथं कुठं आहे?

आधी फॉर्म डोळ्यासमोर आणा

फॉर्मवर 'बाकी फी' हा रकानाच नाही, ही एक गोष्ट. रकाना आहे पण कोरा, ही दुसरी. रकान्यात शून्य लिहिलंय, ही तिसरी. माणसाला हा फरक लगेच कळतो. प्रोग्रॅमिंगच्या भाषा मात्र या तिघांची गाठ आपापल्या पद्धतीनं बांधतात.

कोणती भाषा काय सांगते?

पीएचपी : व्हेरिएबल तयार झालेलं असेल आणि त्यात 'नल' नसेल, तरच 'इजसेट' हो म्हणतं. म्हणजे रकाना नसला काय अन् कोरा असला काय, उत्तर एकच. शून्याला ते हो म्हणतं. 'एम्प्टी' मात्र शून्यालाही रिकामंच धरतं.

जावास्क्रिप्ट : जाहीर न केलेलं नाव वापरलं की रेफरन्स एरर. 'टाइपऑफ' लावलं तर एरर न येता 'अनडिफाइन्ड' मिळतं. पण जाहीर करून किंमत न दिलेल्या व्हेरिएबललाही तेच उत्तर येतं. गंमत म्हणजे 'नल'ला टाइपऑफ 'ऑब्जेक्ट' म्हणतं.

पायथन : इथं इजसेट नाहीच. नसलेलं नाव वापरलं की नेम एरर. म्हणून सुरुवातीलाच व्हेरिएबलला 'नन' देऊन ठेवायचं आणि पुढे 'इज नन' असं तपासायचं. डिक्शनरीत की आहे का, हे 'इन'नं बघा. 'गेट' वापरलं तर की नसली तरी नन, आणि किंमत नन असली तरी ननच.

चूक कुठं महागात पडते?

समजा, कॉलेजचा जुना पीएचपी प्रोग्रॅम तुम्ही पायथनमध्ये आणताय. इजसेटच्या जागी घाईत नुसतं 'इफ नॉट' लिहिलं. पायथन शून्य आणि नन दोघांनाही खोटंच मानतं. म्हणजे ज्या पोरानं पूर्ण फी भरली, ज्याची बाकी शून्य आहे, त्यालाच 'माहिती अपूर्ण' असा मेसेज जाणार. प्रोग्रॅम कुठं अडणार नाही, एररही दिसणार नाही. हॉल तिकीट मात्र अडकेल.

म्हणून भाषा बदलताना शब्दाला शब्द शोधू नका. जुन्या ओळीला नेमकं काय विचारायचं होतं ते आधी ठरवा : नाव आहे का, किंमत आहे का, की किंमत शून्य आहे? मग तिन्ही प्रकारचा एकेक नमुना टाकून प्रोग्रॅम चालवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पण कुणाचं तरी वर्ष वाचेल.