विमान सगळ्यांनाच दिसतं, पण उभं कुठे राहायचं?

आपल्या हॉस्टेलवर हौशी लोकांना तोटा नाही. कुणी रात्री दोनला गिटार बडवतो, कुणी सबमिशनच्या आदल्या दिवशी बुद्धिबळाची मॅच लावतो. मला वेड आहे विमानांचे फोटो काढायचं. हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला : "मग काय, एअरपोर्टच्या कुंपणापाशी जाऊन उभा राहतोस?" मित्रांनो, नाही. कुंपणापाशी गेलात तर फोटो कमी आणि चौकशी जास्त! चांगली जागा शोधायला थोडी भूमिती, थोडं हवामान आणि थोडी माणुसकी लागते. पहिल्या दोन गोष्टी आपल्या सिलॅबसमध्ये आहेत, तिसरी नाही. म्हणून हा लेख.

उदाहरण मुंबईचंच घेतो. आपल्याला लोकलचा पास परवडतो, आणि मुंबईच्या आकाशात विमानांची कमतरता नाही. डिसेंबर 2018 मध्ये इथे एका दिवसात 1,007 विमानांची ये-जा झाली. भागाकार करा, दर 86 सेकंदांना एक विमान येतं किंवा जातं. तेही एका वेळी एकच धावपट्टी वापरून, कारण इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात.

धावपट्टीचा नंबर वाचायला शिका

धावपट्टीवर रंगवलेला आकडा म्हणजे तिची चुंबकीय दिशा, शेवटचं शून्य काढून. 27 म्हणजे 270 अंश, सरळ पश्चिम. तीच पट्टी उलटीकडून आलात तर 090, म्हणून 09. मुंबईची मुख्य धावपट्टी 09/27 ही पूर्व-पश्चिम आहे आणि लांबी जवळपास साडेतीन किलोमीटर. दुसरी 14/32, जरा लहान आणि तिरकी. मुख्य पट्टीवर देखभालीचं काम निघालं की विमानं तिच्यावर येतात. त्या दिवशी घाटकोपरला कॅमेरा लावून बसलात तर कावळेच मिळतील. पावसाळ्यानंतर अशी मोठी कामं निघतात आणि त्याच्या बातम्या पेपरात आधी येतात, त्या वाचा.

वारा कुठून येतो ते पाहा

विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं आणि वाऱ्याच्या तोंडावरच उडतं. कारण सोपं आहे. पंखाला हवा जेवढ्या वेगाने लागते तेवढी उचल मिळते. समोरून वारा असला तर जमिनीवरचा वेग कमी ठेवून काम भागतं आणि कमी धावपट्टी पुरते. मुंबईत पावसाळ्यात वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा, एरवीही दुपारी समुद्रावरून पश्चिमेचाच. म्हणून वर्षातला बहुतेक काळ इथे 27 चालते. विमानं पूर्वेकडून, म्हणजे घाटकोपर-कुर्ल्यावरून, येऊन उतरतात आणि पश्चिमेला जुहूच्या समुद्रावर उडून जातात.

निघण्याआधी खात्री करायची असेल तर विमानतळाचा हवामान अहवाल बघावा. त्याला मेटार म्हणतात आणि तो नेटवर फुकट मिळतो. त्यात 27010केटी असं दिसलं तर वारा 270 अंशांवरून 10 नॉटने येतोय. (इथली केटी म्हणजे नॉट. राहिलेला विषय नव्हे. घाबरू नका!) त्या जोडीला फ्लाइटरडार24 सारखं अ‍ॅप उघडलं की कोणतं विमान किती मिनिटांत डोक्यावर येणार तेही कळतं.

तीन अंशांचा त्रिकोण

उतरणारं विमान साधारण 3 अंशांच्या उतारावरून खाली येतं. 3 अंशांचा टॅन 0.052. म्हणजे धावपट्टीच्या टोकापासून दर किलोमीटरला सुमारे 52 मीटर उंची, अधिक टोकावरून जाताना असलेली 15 मीटर. घाटकोपर स्टेशन टोकापासून अंदाजे अडीच किलोमीटर आहे, तेव्हा तिथे विमानाची उंची झाली साधारण 145 मीटर. मेकॅनिक्सच्या पेपरात इतकं सोपं गणित कधी आलंय का?

आता लेन्स. एअरबस ए320 ची लांबी 37.6 मीटर. आपल्यासारख्यांच्या स्वस्त डीएसएलआरचा सेन्सर साधारण 22 मिलिमीटर रुंद असतो. विमानाने त्यातले 18 मिलिमीटर व्यापावेत असं धरू, म्हणजे पुढेमागे थोडी मोकळी जागा राहते. समरूप त्रिकोण मांडा : फोकल लेन्थ = 18 × अंतर ÷ 37.6, अंतर मीटरमध्ये. बरोबर मार्गाखाली उभे असाल तर 145 मीटरला जेमतेम 70 मिमी लेन्स पुरते. पण तिथून विमानाचं फक्त पोट दिसतं. मार्गापासून अडीचशे मीटर बाजूला सरका. तिरकं अंतर होतं सुमारे 290 मीटर आणि लागते 140 मिमी. साधी 55-250 ची लेन्स झाली की काम झालं. तात्पर्य, पैसे नसतील तर जवळची जागा शोधा. महाग लेन्सपेक्षा लोकलचं तिकीट स्वस्त पडतं. शिवाय दुपारी तापलेल्या डांबरावरून हवा थरथरते. ती दूरच्या फोटोत विमान पाण्यात बुडाल्यासारखं दाखवते आणि त्यावर कुठल्याही लेन्सचा इलाज नाही.

सूर्य कुठे आहे?

नव्वद टक्के लोक इथे फसतात. सूर्य पाठीशी हवा, नाहीतर विमान काळं ठिक्कर येतं. मुंबई 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षातले बहुतेक महिने दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो. विमानांचा मार्ग पूर्व-पश्चिम असल्यामुळे मार्गाच्या दक्षिणेला उभं राहून उत्तरेकडे बघायचं. विमानाची उजेडातली बाजू मिळते. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मात्र दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकतो, तेव्हा सगळं उलटं. त्या काळात असल्फ्याच्या टेकडीची बाजू बरी, कारण ती मार्गाच्या उत्तरेला आहे. अर्थात जून-जुलैत सूर्य दिसला तर!

पावसाळ्यात घरी बसा असं मात्र मी म्हणणार नाही. ओल्या हवेत पंखांवर आणि फ्लॅप्सच्या कडांवर वाफेचे पांढरे पट्टे उमटतात. पंखावरचा दाब कमी झाला की हवा थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचे तिथल्या तिथे थेंब होतात. थर्मोमध्ये जे आकृतीत बघतो ते इथे डोळ्यांनी दिसतं.

शटरची गंमत

उतरणारं जेट साधारण 140 नॉटने येतं, म्हणजे सेकंदाला 72 मीटर. 1/1000 सेकंदात ते सात सेंटिमीटर पुढे जातं. कॅमेरा विमानाबरोबर फिरवत राहिलात तर तेवढं चालून जातं. पंख्याचं विमान आलं की हाच आकडा घात करतो. एटीआर 72 चा पंखा टेकऑफला मिनिटाला सुमारे 1,200 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 20. 1/1000 ला तो फक्त 7 अंश फिरतो, आणि फोटोत विमान इंजिन बंद पडून हवेत लटकल्यासारखं दिसतं. 1/125 ला तो 58 अंश फिरतो. पंख्याला पाती सहा, म्हणजे दोन पात्यांत 60 अंश. जवळजवळ पूर्ण चकती भरते! हात स्थिर हवा एवढंच. सुरुवातीला वीसात एक फोटो बरा येतो, मग पाचात एक.

मग जायचं कुठे?

संध्याकाळसाठी माझी पहिली पसंती जुहू, चौपाटीचा दक्षिणेकडचा भाग, जुहू ताराच्या बाजूचा. 27 वरून उडालेली विमानं पूर्वेकडून आपल्या अंगावर येतात आणि मावळतीचा सूर्य आपल्या पाठीशी असतो. नाकापासून इंजिनापर्यंत सगळं सोनेरी होतं. चौपाटी सार्वजनिक आहे, गर्दी आहे, भेळ आहे. शेजारीच जुहूचा जुना विमानतळ, जिथे 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले. ही पट्टी मुख्य विमानतळाच्या इतकी जवळ आहे की 1972 साली जपान एअरलाइन्सचं एक डीसी-8 सांताक्रूझ समजून चक्क तिच्यावर उतरलं होतं.

उतरणारी विमानं हवी असतील तर घाटकोपर. विमानांचा मार्ग नेमका कुठून जातो हे बघायला वर्सोवा मेट्रोत एक फेरी मारा. घाटकोपर ते असल्फा या टप्प्यात खिडकीतून सगळा अंदाज येतो. कॅमेरा मात्र बॅगेतच ठेवा, पाहणी डोळ्यांनी करा. मग त्या पट्ट्यात कुणाच्या ओळखीची गच्ची आहे का ते हुडका. मुंबईत कुणाचा ना कुणाचा मामा किंवा आत्या घाटकोपरला असतेच. गच्चीवर जायच्या आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगा, वॉचमनकाकांना नमस्कार करा आणि निघताना एक छापील फोटो देऊन या. पुढच्या वेळी चहा मिळतो. खालच्या घरांत माणसं राहतात आणि दर काही मिनिटांनी त्यांचं बोलणं तुटतं, हे विसरू नका. आपल्याला जो आवाज संगीत वाटतो त्यात त्यांची पोरं दहावीचा अभ्यास करतात. त्यांच्या दारात कॅमेरा रोखून "वॉव" करत उभं राहणं बरं दिसत नाही.

हायवेवर, उड्डाणपुलावर किंवा विमानतळाच्या भिंतीलगत बाइक लावून फोटो काढू नका. ते धोक्याचंही आहे आणि संशयाचंही.

आता महत्त्वाचं : कायदा

विमान नियम 1937 मधला नियम 13 सांगतो की सरकारी विमानतळावर किंवा विमानातून परवानगीशिवाय फोटो काढायचे नाहीत. तिकीट काढून विमानात बसलेल्या प्रवाशाला खिडकीतून फोटो काढता येतात, हे डीजीसीएने सप्टेंबर 2020 मध्ये स्पष्ट केलं. पण क्रूने नको म्हटलं की नको. बाहेरच्या सार्वजनिक जागेतून आकाशातलं विमान टिपणं ही वेगळी गोष्ट आहे. तरीही सुरक्षा, कुंपण, रडार, पहारा यांचे फोटो काढू नका.

पुण्याच्या मित्रांना खास सूचना. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. गोव्याचं दाभोळी नौदलाचं. तिथे कॅमेरा बाहेर काढायचाच नाही. "मी फक्त इंडिगो काढत होतो" हे उत्तर तिथे चालत नाही. ड्रोन आणि लेझर यांचं तर नावही नको. खालून मारलेला लेझर कॉकपिटच्या काचेवर पसरतो आणि ऐन उतरताना पायलटला दिसेनासं होतं. विमानांचं रेडिओ संभाषण ऐकायचा स्कॅनरही नको. फेब्रुवारी 2010 मध्ये दिल्लीत दोन ब्रिटिश छांदिष्ट याच भानगडीत अटक झाले. ते दहशतवादी नव्हते, पण दंड भरून सुटून घरी पोचेपर्यंत एप्रिल उजाडला. ग्रीसमध्ये 2001 साली लष्करी तळाजवळ अशाच चौदा जणांना पकडलं होतं. आधी शिक्षा झाली, मग 2002 च्या अखेरीस अपिलात सुटले. आपलं एक सेमिस्टर असं गेलं तर प्रिन्सिपल सरांना काय सांगणार?

मला एकदा एका हवालदारसाहेबांनी हटकलं. मी कॅमेरा खाली केला, कॉलेजचं आय-कार्ड दाखवलं आणि काढलेले सगळे फोटो त्यांच्यापुढे धरले. ते म्हणाले, "हे विमान कुठं चाललंय?" मी अ‍ॅपवर बघून सांगितलं, "कोचीला." मग त्यांनी आणखी चार विमानांची विचारपूस केली आणि "आता निघा" म्हणाले. मी निघालो. वाद घालायचा नाही, पळायचं तर अजिबात नाही.

एवढा खटाटोप कशासाठी?

कारण ही विमानं कायम राहत नाहीत. किंगफिशरचं लाल शेपूट 2012 मध्ये आकाशातून गेलं, जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये, विस्ताराचं जांभळं नोव्हेंबर 2024 मध्ये. एअर इंडियाचं जम्बो 747 'आग्रा' 22 एप्रिल 2024 रोजी मुंबईहून शेवटचं उडालं आणि जाताना पंख हलवून निरोप देऊन गेलं. त्या दिवशी ज्यांना उभं कुठे राहायचं ते माहीत होतं, त्यांच्याकडे तो क्षण आहे. बाकीच्यांकडे फॉरवर्ड आलेला व्हिडिओ. विमानाच्या अंगावर व्हीटी आणि पुढची तीन अक्षरं असतात. फोटोखाली तो नंबर, तारीख आणि धावपट्टी लिहून ठेवा. आज ती नुसती हौस वाटेल, वीस वर्षांनी ती नोंद असेल.

ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचंही उद्घाटन झालं. तिथल्या चांगल्या जागा कुठे आहेत याचा नकाशा आपणच करायचा आहे. वारा, त्रिकोण आणि सूर्य हे तिन्ही तिथेही तेच. येत्या रविवारी मी निघतोय. ज्याला यायचं असेल त्याने शनिवारी रात्री मेसमध्ये भेटावं. पाण्याची बाटली, टोपी आणि आय-कार्ड आणावं. जर्नल पूर्ण असेल तरच!