रमाबाई असोसिएशन

रमाबाई असोसिएशन ही पंडिता रमाबाई यांच्या स्त्रीशिक्षणकार्यासाठी निधी उभारणारी अमेरिकेतील संस्था होती. तिची स्थापना डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे झाली. मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ सुरू झालेले शारदा सदन या संस्थेच्या निधीवर चालत असे.

== पार्श्वभूमी ==
आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या. उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी निवासी शाळा काढण्याची योजना त्यांनी अमेरिकेतील अनेक शहरांत व्याख्यानांद्वारे मांडली. त्यांच्या 'द हाय कास्ट हिंदू वुमन' (१८८७) या इंग्रजी पुस्तकाच्या विक्रीतूनही या कार्याला पैसा मिळाला.

== निधीची पद्धत ==
शाळेचा खर्च दरवर्षीचा असल्याने एकरकमी देणगीपेक्षा नियमित वर्गणीवर भर देण्यात आला. गावोगावी 'रमाबाई मंडळे' स्थापन झाली. मंडळाचा सभासद दहा वर्षे दरवर्षी किमान एक डॉलर देण्याचे वचन देई. त्यामुळे लहान रकमांतून दीर्घकाळ टिकणारे उत्पन्न उभे राहिले. एडवर्ड एव्हरेट हेल हे अध्यक्ष होते. फिलिप्स ब्रुक्स व लायमन ॲबट यांसारखे निरनिराळ्या पंथांचे धर्मोपदेशकही संस्थेशी जोडलेले होते. शाळेत कोणत्याही धर्माचा प्रचार होऊ नये, हे संस्थेचे धोरण होते.

== मुंबईतील शारदा सदन ==
११ मार्च १८८९ रोजी शारदा सदनाचे उद्घाटन झाले. काशीबाई कानिटकर अध्यक्षस्थानी होत्या. आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी बालविधवा गोदूबाई जोशी यांचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. नोव्हेंबर १८९० मध्ये सदन पुण्यास हलविण्यात आले.

== तटस्थतेचा वाद ==
रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. त्या सदनात धर्मशिक्षण देत नसत. मात्र त्यांच्या खासगी प्रार्थनेला येऊ इच्छिणाऱ्या मुलींना त्यांनी मज्जाव केला नाही. धर्माचरणाची मोकळीक प्रत्येक मुलीला असावी, ही त्यांची भूमिका होती. टीकाकारांच्या मते, अजाण मुलींवर त्याचा प्रभाव पडणे अटळ होते व त्यामुळे तटस्थतेचे आश्वासन मोडले जात होते. 'केसरी'ने या प्रश्नावर कडक टीका केली. १८९३ मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुलींना काढून नेले. असोसिएशनने मात्र साहाय्य चालू ठेवले. परिणामी, परदेशातील देणगीदारांचा पाठिंबा टिकला, तरी ज्या समाजातील मुलींसाठी सदन काढले होते, त्याच समाजाचा विश्वास बऱ्याच अंशी गमावला गेला.

== विसर्जन ==
दहा वर्षांची मुदत संपत आल्यावर रमाबाई १८९८ मध्ये पुन्हा अमेरिकेस गेल्या. मूळ संस्था विसर्जित होऊन तिच्या जागी 'अमेरिकन रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली.