दंतहीन जबडा आणि स्थिर दंतपंक्ती

सर्व दात गमावलेल्या मनुष्यास दंतवैद्यकाने दिलेला जुना आधार म्हणजे कवळी. दातांची मुळे गेल्यावर जबड्याचे हाड वर्षानुवर्षे झिजत जाते. खालच्या जबड्यात ही झीज विशेष होते, आणि प्रथम नीट बसलेली कवळीही पुढे सैल पडते. पुणे परिसरात मिश्री लावण्याची सवय जुनी आहे; भाजलेल्या तंबाखूच्या या पुडीने हिरड्यांची हानी होते. दात गेल्यावर मग ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून खाण्याची पाळी येते.

या अडचणीवर स्थिर दंतपंक्ती हा उपाय होय. १९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत असता, त्यात बसविलेले टायटॅनियमचे उपकरण हाडाशी एकजीव झाल्याचे त्यांना आढळले. १९६५ साली त्यांनी या तत्त्वावर मनुष्याच्या जबड्यात पहिली कृत्रिम दंतमुळे बसविली.

आज एका जबड्यासाठी मुख्यतः तीन मार्ग आहेत. हाड पुरेसे असल्यास सहा ते आठ दंतमुळांवर पूल बसवितात. मागील हाड कमी असल्यास चारच दंतमुळे वापरतात. त्यांतील मागची दोन तिरपी घातल्याने वरच्या जबड्यात सायनसची पोकळी व खालच्या जबड्यात मज्जातंतू टाळता येतो. लिस्बनचे पाउलो मालो यांनी ही पद्धत रूढ केली. वरचे हाड जवळजवळ उरलेच नसेल, तर गालाच्या हाडाचा आधार घेतात. मुळांची पकड प्रारंभीच पुरेशी घट्ट असल्यास तात्पुरते दात त्याच दिवशी देता येतात. परंतु हाड जुळण्यास काही महिने लागतातच.

तथापि संख्येपेक्षा निवड महत्त्वाची. चारांपैकी एक मूळ निकामी झाल्यास सारा पूल धोक्यात येतो. आठांत एखादे गेले तरी उरलेली भार पेलू शकतात. नैसर्गिक दाताभोवतीचे तंतू येथे नसल्याने चावण्याचा अतिरिक्त भार रुग्णास वेळीच जाणवत नाही. धूम्रपान व अनियंत्रित मधुमेह यांनी यशाची शक्यता घटते, आणि पुलाखालची स्वच्छता न राखल्यास मुळांभोवतीचे हाड दाहाने झिजते.

ज्या वृद्धाचे हात कापतात, त्यास खालच्या जबड्यात दोन दंतमुळांवर टेकणारी, काढून धुता येणारी कवळीच अधिक हितावह ठरेल. सबब जबड्याच्या छायाचित्राइतकीच रुग्णाच्या हातांची व सवयींची तपासणीही उपचार ठरविण्यापूर्वी आवश्यक आहे.