लाल सरबत आणि अडीच वर्षं उशिरा आलेली सुटका

मागच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाल्यावर आमच्या गटातल्या एका ताईंनी मोबाईलवर फोटो दाखवला. त्यांची लेक अमेरिकेत, टेक्सास राज्यात असते. शेजारच्या कृष्णवर्णीय कुटुंबानं तिला सणाच्या जेवणाला बोलावलं होतं. ताटात धुरावर शिजवलेलं मांस, मक्याचा पाव, कलिंगडाच्या फोडी आणि लालभडक सरबत. सगळ्याजणी विचारायला लागल्या, हा कसला सण गं? मग आम्ही लेकीला फोन लावला, थोडं वाचलं, आणि जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

सणाचं नाव जूनटीन्थ, म्हणजे 19 जून. अमेरिकेत आफ्रिकेतून आणलेल्या माणसांना पिढ्यानपिढ्या गुलाम म्हणून राबवलं. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी 1 जानेवारी 1863 रोजी सुटकेचा जाहीरनामा काढला. पण दूरच्या टेक्सासमध्ये मालकांनी गुलामांना सोडलं नाही. तो अंमल पोचला 19 जून 1865 रोजी, गॅल्व्हेस्टन या बंदराच्या गावी. सैन्य घेऊन आलेल्या जनरल ग्रेंजर यांनी तिथं हुकूम काढला, की सगळे गुलाम स्वतंत्र आहेत. मधे अडीच वर्षं गेली. तेवढी पेरणी, तेवढी कापूसवेचणी फुकटात झाली.

पुढच्या वर्षीपासून त्या लोकांनी हा दिवस पाळायला सुरुवात केली. पण जमायचं कुठं? सार्वजनिक बागांत त्यांना येऊ देत नसत. तेव्हा 1872 साली ह्यूस्टन शहरातल्या, कालपर्यंत गुलाम असलेल्या लोकांनी पैसे गोळा करून 10 एकर जमीन विकत घेतली. ती बाग आजही आहे, नाव इमॅन्सिपेशन पार्क, म्हणजे मुक्ती बाग. हे ऐकल्यावर आमच्या गटात सगळ्या गप्प झाल्या. थेंबे थेंबे तळे साचे, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. टेक्सासनं 1980 पासून या दिवसाची सुट्टी दिली, साऱ्या देशानं 2021 मध्ये.

आता जेवणाकडे येऊ. या जेवणाला बार्बेक्यू म्हणतात. पूर्वी मालकाच्या घरी मेजवानी असली की जमिनीत चर खणणं, लाकडं फोडणं, रात्रभर विस्तवाजवळ बसणं हे काम बहुतेक गुलामांचंच. हात त्यांचे, पंगत दुसऱ्याची. सुटका झाल्यावर तेच जेवण त्यांनी स्वतःसाठी, स्वतःच्या माणसांसाठी केलं. म्हणून सणाला हेच जेवण. लाल रंग सांडलेल्या रक्ताची आणि सोसण्याची आठवण, असं ते लोक सांगतात. पूर्वापार लाल सरबत लाल अंबाडीच्या बोंडांचंही करतात. ही अंबाडी आपल्याकडचीच!

बार्बेक्यू म्हणजे निखाऱ्यावर भराभर भाजणं नव्हे. मंद आच, झाकण आणि धूर, ही त्याची तीन अंगं. टेक्सासमध्ये गाई-बैलाच्या छातीचं मांस घेतात. ते चिवट असतं, पण 110 अंशांच्या आसपास दहा-बारा तास ठेवलं की आतल्या चिवट शिरा विरघळतात आणि मांस बोटानं तुटतं. घरी एवढा वेळ नसतो, म्हणून त्या शेजारीणबाई कोंबडीही करतात.

आदल्या रात्री कोंबडीच्या तंगड्यांना मीठ, कमी तिखट लाल मिरचीपूड, मिरपूड, लसूण पूड आणि थोडी तपकिरी साखर चोळून फ्रीजमध्ये ठेवायची. सकाळी अंगणात झाकणाची लोखंडी शेगडी पेटवायची. निखारे एका बाजूला सारायचे आणि मांस दुसऱ्या बाजूला ठेवायचं, खाली निखारा नको. निखाऱ्यावर ओक किंवा पेकनच्या वाळक्या लाकडाचा तुकडा टाकला की धूर धरतो. झाकण सारखं उघडायचं नाही, आच जाते. दीडेक तासानं हाडाजवळच्या मांसात तापमापक खुपसून बघतात. 74 अंश दाखवले की आतपर्यंत शिजलं. टोमॅटो, व्हिनेगर, मोहरी आणि साखरेची चटणी मात्र अगदी शेवटी लावायची. आधी लावली तर साखर जळून कडू होते. आणि कच्च्या मांसाचं ताट शिजलेल्याला वापरायचं नाही.

बाकीचे पदार्थ एकटी बाई करत नाही. एक घर मक्याच्या पिठात ताक आणि अंडं घालून लोखंडी तव्यात भाजलेला पाव आणतं, दुसरं बटाट्याची कोशिंबीर, तिसरं घेवड्याची गोडसर उसळ, चौथं कलिंगड. विस्तवापाशी बहुतेक पुरुष उभे असतात. आपल्या सणांनाही असं करून बघायला काय हरकत आहे?

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. कोळशाची शेगडी कधीही बंद खोलीत पेटवायची नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतच माणूस जातो. आपल्याकडे थंडीत किंवा बाळंतिणीच्या शेकाला दारं-खिडक्या लावून शेगडी ठेवतात. ते आजपासून बंद करा. शेक द्यायचाच तर खिडकी उघडी ठेवून, जवळ बसून द्या, आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर काढा.

शेवटी एक धागा आपल्या मातीचा. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिलं, आणि गुलामांच्या सुटकेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ते अर्पण केलं. इतक्या दूरची सुटका त्यांना आपली वाटली होती.

कायदा होणं वेगळं आणि तो दारात पोचणं वेगळं. वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला मुलाइतकाच वाटा, हा कायदा महाराष्ट्रात 1994 साली झाला, साऱ्या देशात 2005 साली. आमच्या गटात विचारलं, सातबाऱ्यावर नाव कितीजणींचं? फार थोडे हात वर झाले. म्हणून पुढच्या बैठकीला आम्ही प्रत्येकीला आपापला उतारा घेऊन यायला सांगितलंय. तुम्हीही आपल्या गटात मागवा. वाचता येत नसेल तिला शेजारणीनं वाचून दाखवावा. आणि त्या दिवशी लाल अंबाडीचं सरबत जरूर करा.