सातबारा आणि फॉर्मवरील चौकटींची मांडणी

डेटाबेसच्या फॉर्मवर माहिती भरण्यासाठी ज्या चौकटी, याद्या व बटणे असतात त्यांना ‘कंट्रोल’ म्हणतात, आणि त्यांचे गट कसे पाडावेत याचा उत्तम नमुना सातबाऱ्यात आधीच आहे: गाव नमुना सातमध्ये जमिनीवरील अधिकार, तर बारामध्ये पिके.

वर्धा जिल्ह्यातील शेतनोंदींचा फॉर्म मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये करायचा झाल्यास आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू, देवळी, समुद्रपूर, हिंगणघाट व वर्धा या 8 तालुक्यांची यादी वर आणि गावांची तिच्याखाली ठेवावी, कारण तालुका ठरल्याशिवाय गावे गाळून दाखवता येत नाहीत.

खरीप, रब्बी, उन्हाळी हे पर्याय ‘ऑप्शन ग्रुप’ या सामाईक चौकटीत बसवले की त्यांपैकी एकच निवडता येतो. मात्र तक्त्यात शब्द नव्हे, तर त्या पर्यायाचा आकडा साठतो, आणि नवशिके इथे हमखास चकतात.

‘स्टॅक्ड’ मांडणीत लेबल चौकटीच्या डावीकडे असते, ‘टॅब्युलर’मध्ये वर, एकाच शेतातील कापूस, तूर, सोयाबीन अशा ओळी दाखवायला दुसरी सोयीची.

मागाहून जोडलेला कंट्रोल टॅब-क्रमात शेवटी जातो, त्यामुळे ‘क्षेत्र’ची चौकट पिकाशेजारी दिसत असली तरी टॅब दाबताना कर्सर तिच्यापर्यंत सर्वांत उशिरा पोचतो, तो क्रम ‘टॅब ऑर्डर’मध्ये हाताने लावावा लागतो.