अपग्रेडनंतर रास्पबेरी पायचं वाय-फाय गायब? कार्ड फॉरमॅट करण्याआधी हे बघा

रविवारी संध्याकाळी माझा रास्पबेरी पाय ४ अपग्रेड केला, रीस्टार्ट केला आणि वाय-फाय गायब! सिग्नल कमी वगैरे नाही, नेटवर्कची यादीच रिकामी. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘कार्ड फॉरमॅट कर आणि ओएस नव्याने टाक’. एरवी मीही तेच केलं असतं. पण त्या कार्डवर आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आजी आता नाही, आणि बॅकअप मी ‘पुढच्या रविवारी’ घेणार होतो.

म्हणून आधी राउटरपासून लॅनची केबल जोडली. ती चालली. ओव्या लॅपटॉपवर कॉपी केल्या, मग जरा जीव भांड्यात पडला.

केबल चालते आणि वाय-फाय नाही, हे कसं? पायच्या कर्नलमध्ये लॅनचा ड्रायव्हर आतच बसवलेला असतो. वाय-फायचा ड्रायव्हर मात्र वेगळ्या फाईलमध्ये, म्हणजे मॉड्यूलमध्ये असतो. कर्नल सुरू झाला की ती फाईल शोधून लोड करतो.

टर्मिनलमध्ये ‘आयपी लिंक’ ही कमांड द्या. यादीत ‘डब्ल्यूलॅन०’ दिसलं तर ड्रायव्हर ठीक आहे, अडचण सेटिंगची. ‘आरएफकिल लिस्ट’ या कमांडने वाय-फाय ब्लॉक आहे का ते कळतं. असेल तर ‘रास्पी-कॉन्फिग’मध्ये जाऊन देश भारत निवडा. आणि २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्मवर गेला असाल तर तिथे नेटवर्क मॅनेजर आहे, वाय-फायचा पासवर्ड त्यात पुन्हा टाकावा लागू शकतो.

माझ्याकडे डब्ल्यूलॅन० नव्हतंच. मग ‘युनेम -आर’ दिलं, तर चालू कर्नल ५.१५.८४. आणि मॉड्यूल्सच्या फोल्डरमध्ये बघतो तर फक्त ६.१.२१! म्हणजे मशीन जुन्या कर्नलवर सुरू होत होतं आणि मॉड्यूल्स सगळी नव्या कर्नलची. ही दोन्ही व्हर्जन्स तंतोतंत जुळली नाहीत तर कर्नलला आपलं मॉड्यूल सापडत नाही.

गोंधळ माझाच होता. काही महिन्यांपूर्वी काहीतरी करून बघताना मी ‘एफएसटॅब’ फाईलमधली बूट पार्टिशनची ओळ बंद केली होती आणि साफ विसरलो होतो. त्यामुळे ते पार्टिशन माउंटच होत नव्हतं. अपग्रेडने नवा कर्नल ‘बूट’ नावाच्या नुसत्या फोल्डरमध्ये टाकला. पाय सुरू होताना मात्र कर्नल वाचतो तो बूट पार्टिशनमधून, आणि तिथे जुनाच होता.

ती ओळ पुन्हा चालू केली, पार्टिशन माउंट केलं, आणि केबलवरूनच कर्नल व बूटलोडर ही दोन पॅकेजेस रीइन्स्टॉल केली. हा क्रम पाळा. माउंट न करता रीइन्स्टॉल केलंत तर फाईल्स पुन्हा त्याच चुकीच्या जागी जातील.

रीस्टार्टनंतर डब्ल्यूलॅन० हजर. पासवर्डही न विचारता घरचं वाय-फाय जोडलं गेलं.