दोनदा बुडालेली बोट पुन्हा समुद्रात!

लाकडी बोट बुडाली आणि कित्येक महिने पाण्याखाली पडून राहिली, तर ती संपलीच, असं वाटेल ना तुम्हाला? मग ‘वेस्टर्न फ्लायर’ची गोष्ट ऐकाच!

ही अमेरिकेतली मासेमारी बोट. १९३७ साली टकोमा शहरात बांधलेली, सुमारे ७७ फूट लांब. भलंमोठं जाळं टाकून सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीचे भाऊबंद, पकडणं हे तिचं काम. १९४० मध्ये लेखक जॉन स्टाइनबेक आणि समुद्रजीवांचे अभ्यासक एड रिकेट्स तिच्यातून कॅलिफोर्नियाच्या आखातात गेले. ओहोटी लागली की खडकांवर उतरायचं आणि तारामासे, खेकडे, समुद्रकाकड्या गोळा करायच्या! त्या सफरीवरचं पुस्तक पुढे खूप गाजलं.

पुढे बोटीचं नाव बदललं, मालक बदलले. २०१२ आणि २०१३ मध्ये ती चक्क दोनदा बुडाली. अखेर २०१५ मध्ये जॉन ग्रेग नावाच्या गृहस्थांनी ती विकत घेतली आणि पोर्ट टाउनसेंड या बंदरातले कसबी सुतार कामाला लागले.

लाकूड कुजवते ती बुरशी. पण गंमत बघा, खाऱ्या पाण्यात तिचं फारसं चालत नाही. बोटीचं जास्त नुकसान करतं ते पावसाचं गोडं पाणी! ते फटींतून झिरपतं, कोपऱ्यात साचतं आणि तिथे बुरशी फोफावते. असं कुजलेलं लाकूड काढून नवं बसवावं लागतं.

पण जाडजूड लाकूड बोटीच्या गोलाईत वाकणार कसं? वाफेने! लाकडाचे धागे लिग्निन नावाच्या पदार्थाने एकमेकांना धरून असतात. लाकूड लांब पेटीत ठेवून वाफ दिली की लिग्निन मऊ पडतं. एक इंच जाडीला साधारण तासभर वाफ लागते. मग मात्र एकच धांदल! गार झालं की लाकूड पुन्हा ताठ. म्हणून काही मिनिटांतच ते वाकवून जागेवर आवळायचं.

फळ्यांच्या सांध्यांत कापसाचा पीळ ठोकून भरतात. बोट पाण्यात उतरली की लाकूड फुगतं आणि सांधे घट्ट मिटतात.

वेस्टर्न फ्लायरच्या बहुतेक फळ्या आता नव्या आहेत, वरची केबिन मात्र बरीचशी जुनीच. २०२३ मध्ये ती आपल्या जुन्या माँटेरे बंदरात परतली. आता तिच्यावर मुलं समुद्रविज्ञान शिकतात.

तुम्ही कोकणात गेलात आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेली लाकडी होडी दिसली, तर तिच्या फळ्यांचे सांधे जवळून बघा. ते कशाने भरलेत, हे तिथल्या कोळीदादांना नक्की विचारा!